भिंतीतला बोगदा

गाडी बोगद्यात शिरली, शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा झाला, आणि पलीकडून घंटी काही वाजेना.

थोरल्याने चहाचा कप उचलला, घोट घेतला, खाली ठेवला. घंटी भिंतीवर होती तशी गप्प. रिवाज असा होता, की गाडी सोडायच्या आधी इकडून बटण दाबायचं, पलीकडे 'टिंग' व्हायचं. पलीकडून उलट 'टिंग' आलं, की वाट मोकळी आहे असं समजून गाडी सोडायची. परत येतानाही तेच, फक्त उलट्या बाजूने. आज जाताना सगळं रीतसर झालं होतं. यायचं मात्र नाव नव्हतं.

मग बोगद्यातून धप्प असा आवाज आला. स्टूल पडल्यासारखा.

"आपट, आपट," थोरला म्हणाला. "मला काय आपटता येत नाही?"

त्याने टेबलाचा खण पुढे ओढला आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा धाडकन बंद केला. त्यावर पलीकडून काही उत्तर आलं नाही. आपण जिंकलो असं वाटून त्याने उरलेला चहा संपवला.

हा बोगदा डोंगरातला नव्हे, घराच्या भिंतीतला. मुळात तिथे भिंत नव्हतीच, एकच लांबलचक खोली होती, आणि त्या खोलीत दोघा भावांनी तरुणपणी टेबलाला टेबल जोडत एक अख्खी छोटी रेल्वे उभी केली होती. थोरला कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला. तिथलं उरलंसुरलं प्लास्टर तो पिशवीतून घरी आणी आणि त्याचे डोंगर करी. डोंगर लवकर भरावेत म्हणून आत टाकाऊ साचे कोंबी, त्यामुळे त्या डोंगरांच्या पोटात गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचे जबडे होते. धाकटा एका दवाखान्यात कंपाउंडर. त्याचा हात नाजूक. तारा, सिग्नल, रुळांचे सांधे, सगळं त्याच्याकडे. थोरला डोंगर उभा करी आणि धाकटा डोक्याला हात लावून म्हणे, "दादा, आता यातून गाडी कुठून काढू? तुझ्या टाळक्यातून?"

मग आई गेली. दुखणं जुनं होतं. धाकट्याचं म्हणणं होतं हॉस्पिटलात हलवू या, थोरल्याचं म्हणणं तिला तिच्या खाटेवर राहू दे. ती तिच्या खाटेवर गेली. तिला पोचवून सगळे परतले तेव्हा धाकटा दारातच, आल्यागेल्यांच्या देखत म्हणाला, "तू वेळेवर हलला असतास तर आई आज असती, दादा."

एवढं एकच वाक्य. डॉक्टरांनी नंतर थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हलवूनही काही फरक पडला नसता. त्यांनी हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आपलं काही चुकलेलं नाही हे थोरल्याला एकदा पक्कं कळलं, आणि मग त्याची मान कधी खाली झाली नाही. धाकट्यानेही शब्द मागे घेतला नाही. घराची वाटणी झाली, लांब खोलीच्या मधोमध भिंत घालायची ठरली, आणि गवंड्याला बोलावलं.

गवंड्याने दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं, की भिंत कशी हवी. थोरल्याने त्याला टेबलापाशी नेऊन रुळांवर बोट ठेवलं. "इथे एवढं भोक ठेव." धाकट्यानेही पलीकडे नेऊन तिथेच बोट ठेवलं. गवंडी थापी हातात घेऊन हसत सुटला. "भांडण एवढं, आणि भोक मात्र दोघांचं एकाच ठिकाणी!" दोघांपैकी कुणी हसलं नाही.

तेव्हापासूनचा हा अबोला. थोरल्याच्या लेकीबरोबरच तो वाढला म्हणायचा. लेक मोठी झाली, लग्न होऊन गेली, आता तिचे दिवस भरत आले होते, तरी याचं आपलं चालूच. धाकट्याने लग्न केलं नाही. रोज सकाळी थोरल्याची बायको जेवणाचा डबा घेऊन रस्त्याने शेजारच्या दारात जाई. दोन घरांची दारं आता वेगळी होती, आणि आतून जायला वाट होती ती फक्त गाडीला. थोरला त्या दारात कधी गेला नाही, आणि तिकडे काय आहे, काय नाही हे त्याने बायकोला कधी विचारलंही नाही. पण दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली, की इकडून टिंग होई, तिकडून टिंग होई, आणि गाडी जाई.

थोरल्याकडे रुळांचा मोठा वळसा होता, गाडी आपली आपण फिरून तोंड वळवी. धाकट्याकडे शेवटचं स्टेशन. तिथे रूळच संपत, म्हणून इंजिन हाताने सोडवून पुन्हा दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. त्याला वेळ लागणारच, पण धाकटा जरा जास्तच वेळ लावी. "चहा ढोसत बसतो," थोरला म्हणे. आणि गाडी परत आली, की बोगद्यातून तिच्यामागून स्पिरिटचा वास येई. "दवाखाना घरी घेऊन येतो हा. आंघोळही स्पिरिटनेच करतो वाटतं."

एकदा तो हे असं मोठ्याने म्हणाला, की पलीकडे ऐकू जावं. झालं. त्या रविवारी गाडी परतलीच नाही. पुढच्या रविवारी टिंग वाजलं, गाडी आली, आणि तिच्या उघड्या डब्यात अत्तरात बुडवलेला कापसाचा एवढा मोठा बोळा होता. खोली दोन दिवस घमघमत होती. बायको पोट धरधरून हसली. थोरल्यालाही हसू आलं, पण ते त्याने खोकल्यावर नेलं.

म्हणूनच या रविवारी त्याला काळजी वाटली नाही. बायको लेकीकडे बाळंतपणाला गेली होती. दुपारीच तिच्याशी फोनवर बोलताना तो हसत, मुद्दाम आवाज चढवून म्हणाला होता, "इकडे सगळं ठीक. शेजारचा दवाखाना तेवढा जोरात चालू आहे." तेव्हा हिशोब सरळ होता. धाकटा रुसला होता, गाडी अडकवून बसला होता, आणि आता पुढच्या रविवारी काहीतरी आचरटपणा डब्यात घालून पाठवणार होता. यावेळी आपण काय उलट पाठवायचं, याचाच विचार थोरला संध्याकाळभर करत बसला. कारखान्यातून एखादी कवळी आणावी आणि ती उघड्या डब्यात, दात विचकून, बसवून द्यावी, असं त्याने ठरवलं. फार दिवसांनी त्याला इतकं मजेत वाटत होतं.

सोमवारी तो कामावर गेला, आणि येताना खरंच एक कवळी खिशात घालून घड्याळजीच्या दुकानात थांबला. घड्याळजीच्या घरीही छोटी रेल्वे होती, आणि ती चालण्यापेक्षा अडखळायचीच जास्त.

"काल पुन्हा बंद पडली," घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला. "चाकांना काळी राप धरते. तुम्ही कशाने पुसता?"

"पुसावीच लागत नाहीत," थोरला म्हणाला. हे वाक्य म्हणायला त्याला नेहमीच आवडे. "रूळ नीट बसवले, की घाण धरतच नाही. इतकी वर्षं झाली, एकदा हात लावला नाही चाकांना."

"कमाल आहे बुवा. मग काल चालवली?"

"चालवली. पण बेट्याने गाडी ठेवून घेतली." आणि थोरल्याने कवळी काढून दाखवली, बेत सांगितला. घड्याळजी हसला, मग भिंग काढून म्हणाला, "अहो, पण आजारीबिजारी नसेल ना? एकटा माणूस. जाऊन बघा की."

"मी? तो धाकटा आहे. त्याने यावं."

"धाकटा म्हणजे साठी ओलांडली असेल त्याने."

"असेना. माझ्यापुढे धाकटाच."

घरी आला तेव्हा बायको नुकतीच पोचली होती, पिशव्या अजून दारातच होत्या. लेकीला मुलगी झाली होती, आणि बायको हे सांगायला आधी शेजारच्या दारात गेली होती. थोरल्याला ते दिसलं आणि तो मनात म्हणाला, बघा, नवऱ्याच्या आधी दिराला. इतक्यात ती आतून ओरडली. नुसती "अहो!" म्हणून. तिच्या तोंडून आजवर हजारदा ऐकलेला शब्द, पण थोरल्याच्या हातातून किल्ली पडली.

वाटणीनंतर तो पहिल्यांदाच त्या दारातून आत गेला. धाकटा टेबलाच्या पायाशी कुशीवर पडला होता. स्टूल आडवं झालं होतं. एक डोळा उघडा होता आणि तो जिवंत होता. तोंडाचा एक कोपरा ओघळलेला, हाताची मूठ घट्ट, मुठीत वाळलेला कापूस. टेबलावर घडी घातलेल्या फडक्यावर इंजिन उलटं ठेवलं होतं, चाकं वर करून. शेजारी उघडी बाटली. भाऊ जमिनीवर पडलेला असताना थोरल्याच्या मनात पहिला विचार आला, हा माझं इंजिन मोडत होता. तो विचार लगेच गेला, पण आला होता.

"कधी पडले?" हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काल. दुपारी," थोरला म्हणाला.

"आणि आणलंत आत्ता? पहिल्या काही तासांत आणलं असतं, तर बरंच काही करता आलं असतं हो. घरात कुणीच नव्हतं का?"

बायकोने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण थोरल्याने तिला हाताने थांबवलं.

"मी होतो," तो म्हणाला. "भिंतीपलीकडे. पडल्याचा आवाज ऐकला मी."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांनी चार शब्द सुनावायला हवे होते, असं त्याला वाटत राहिलं. कुणीच सुनावेना. बायकोसुद्धा नाही.

जीव राहिला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं किती हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वाट बघा म्हणाले, पण ते म्हणण्याची तऱ्हा अशी होती, की वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही हे कुणालाही कळावं. धाकट्याला घरी आणलं. खाट त्याच्याच खोलीत टाकली, टेबलाशेजारी. थोरला कारखान्यातून लवकर सुटू लागला. भावाला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं तो करी, आणि कुणाला हात लावू देईना. एवढी वर्षं ज्या दारात पाऊल टाकलं नाही, त्या दारात आता त्याचा राबता सुरू झाला. पण यात पुण्य कसलं? ज्याला बोलायचं होतं तो आता बोलू शकत नव्हता.

एकदा भरवताना चमचा हातातच राहिला. "बोल ना रे," थोरला म्हणाला. "आईच्या वेळी म्हणालास ते म्हण पुन्हा. वेळेवर हलला नाहीस म्हण. तेव्हा खोटं होतं, म्हणून एवढा राग धरून बसलो. आता खरं आहे. आता म्हण की."

धाकटा छताकडे बघत होता. पातळ भात ओघळून हनुवटीवर आला. थोरल्याने तो पुसला.

बायको म्हणाली, "भिंत तरी पाडून टाकू या. सारखं रस्त्यावरून फिरून यायचं, उन्हातान्हात. एकच घर होऊ दे पुन्हा." थोरल्याला ते इतकं पटलं, की दुसऱ्याच दिवशी त्याने गवंड्याला शोधून आणलं. तोच गवंडी, आता काठी टेकत आला. त्याने भिंतीला टकटक केलं, वर तुळईकडे पाहिलं, बोगद्यात हात घालून चाचपलं, आणि मान हलवली.

"नाही जमायचं, मालक. मधली तुळई खचून आता हिच्यावर बसलीय. ही काढली तर छप्पर अंगावर येईल."

"तेव्हा तर नुसती आडोशाची भिंत होती."

"तेव्हा होती," गवंडी म्हणाला. "आता घर हिच्यावर उभं आहे."

काही दिवसांनी थोरल्याने उलटं इंजिन सरळ केलं, डबे गोळा केले आणि आपल्या बाजूला आणले. भावाला झोप लागली, की तो आपल्या खोलीत वळशावर गाडी फिरवत बसे. दुसरं काही सुचत नव्हतं. आणि गाडी अडखळू लागली. आधी चढावर, मग सपाटीवर, मग जागच्या जागी थरथरून उभी राहू लागली. त्याने सगळे रूळ पुसले, तारा तपासल्या. शेवटी घड्याळजीला बोलावलं. घड्याळजीने इंजिन उचललं, उलटं केलं आणि त्याच्यासमोर धरलं.

चाकं काळीकुट्ट होती.

"हेच माझ्याकडचं दुखणं," घड्याळजी म्हणाला. "स्पिरिटचा कापूस फिरवला, की झालं. दर खेपेला पुसावी लागतात." मग त्याला आठवलं. "पण तुम्ही तर म्हणायचात, पुसावीच लागत नाहीत. मग आजवर..."

थोरला उलट्या इंजिनाकडे बघत होता. फडक्याची घडी त्याला आठवली, मुठीतला कापूस आठवला, आणि तो वास. इतकी वर्षं नाक मुरडलं तो वास. धाकटा चहा ढोसत नव्हता. भाऊ बोलत नाही, तोंड दाखवत नाही, भिंतीपलीकडून टोमणे मारतो, आणि तरी दर रविवारी त्याच्या गाडीचं एकेक चाक पुसायचं आणि ती परत पाठवायची. कधी एका शब्दानं, एका चिठ्ठीनं कळवायचं नाही. आणि आपण दुकानात बसून रुळांची फुशारकी मारत होतो. थोरला खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. घड्याळजीला काय करावं कळेना. त्याने इंजिन हळूच रुळांवर ठेवलं आणि चप्पल घालून निघून गेला.

त्या दिवसापासून थोरला धाकट्याच्या खोलीत बसूनच चाकं पुसू लागला, त्याच बाटलीतून, त्याच फडक्यावर. बोटं जाड, प्लास्टर मळायला शिकलेली. कापसाचे धागे चाकांच्या आसांत अडकत, आणि मग ते चिमट्याने काढता काढता घटका जाई. "बघ, येतंय का मला," तो म्हणे. "शिकव की. हे धागे अडकू नयेत म्हणून तू काय करायचास?" धाकटा छताकडे बघे. इंजिन त्याच्या डोळ्यांसमोर धरलं तरी नजर त्याच्या आरपार जाई. थोरल्याकडे तर ती कधी वळतच नसे.

एका दुपारी तो असाच पुसत बसला होता आणि बायको आपल्या घरात टेबलावरची धूळ झटकत होती. फडक्याचा धक्का बटणाला लागला असावा. इकडे भिंतीवर टिंग झालं.

धाकट्याची मान वळली.

फार नाही, पण वळली. डोळे छतावरून निघाले, भिंतीवरून खाली आले आणि बोगद्याच्या तोंडावर येऊन थांबले. डाव्या हाताचं एक बोट चादरीवर हललं, बटण दाबल्यासारखं. थोरला इंजिन खाली ठेवून खाटेवर वाकला. "अरे, मी इथे आहे," तो म्हणाला. "इथे, तुझ्याजवळ." धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो बोगद्याकडे बघत राहिला. गाडी आली नाही, तेव्हा नजर हळूहळू परत छताला गेली.

म्हणजे वाट तो बघत होता. पण त्याचा भाऊ भिंतीपलीकडे राहत होता. हा जो म्हातारा रोज येऊन भरवतो, पुसतो, रडतो, तो त्याच्या ओळखीचा नव्हता.

आता रविवारी दुपारी त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना एक गंमत दिसते. एक म्हातारा एका दारातून घाईने बाहेर येतो आणि शेजारच्या दारात शिरतो. थोड्याच वेळात तिथून निघून पुन्हा पहिल्या दारात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतं, धक्का बसला बिचाऱ्याला, डोकं फिरलं. थोरल्याला त्याचं काही नाही. तो आपल्या खोलीत येऊन बटण दाबतो. पलीकडे टिंग होतं. मग तो बाहेर पडतो, रस्त्याने फिरून भावाच्या खोलीत जातो आणि टेबलावरचं बटण दाबून उत्तर देतो. धाकट्याचे डोळे तोवर बोगद्यावर लागलेले असतात. पुन्हा रस्त्याने परत, धापा टाकत, आणि वाट मोकळी आहे असं समजून तो गाडी सोडतो. गाडी अंधारात शिरते, लाल दिवा दिसेनासा होतो.

ती पलीकडे पोचते तेव्हा धाकट्याचा चेहरा कसा होतो, हे त्याला कधी बघायला मिळत नाही. धावत तिथे जाईपर्यंत गाडी स्टेशनात उभी असते, आणि नजर छताला लागलेली असते. थोरला स्टूल ओढतो, फडक्याची घडी घालतो, इंजिन उलटं ठेवतो आणि चाकं पुसायला घेतो.